काठावर पास

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक शब्द हमखास कानावर येतो: काठावर पास. शंभरपैकी ३५ हवे होते, ३५ किंवा ३६ पडले. हा काठ कशाचा, असं कुणी विचारत नाही. पण गुणपत्रकावर जो भारदस्त शब्द छापलेला असतो, ‘उत्तीर्ण’, तो याच काठाचा आहे. त्यातला धातू तॄ, म्हणजे पाणी तरून जाणे. उत् म्हणजे वर. उत्तीर्ण म्हणजे नदी ओलांडून पलीकडे वर आलेला. काठावर पास झालेल्याचे पाय अजून ओले आहेत, एवढाच फरक. छापील संस्कृत शब्द आणि घरातली बोली यांनी एकमेकांना न विचारता एकच नदी डोळ्यांसमोर ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या हिशोबाने अनुत्तीर्ण म्हणजे अजून पाण्यात असलेला. बुडालेला नव्हे. ‘नापास’ या शब्दात ही सवलत नाही. त्यातला ‘ना’ फारसीचा आणि ‘पास’ इंग्रजीचा. दोघं मराठीत भेटले आणि असा जोडशब्द तयार झाला की तो ऐकूनच पोराच्या पोटात गोळा येतो. राज्य मंडळाने पुढे गुणपत्रकावरचा हा शेरा काढून ‘कौशल्य विकासास पात्र’ असं छापायला घेतलं. हेतू चांगला होता, पण गावातल्या बोलण्यातून नापास गेला नाही. शब्द शेऱ्याच्या रकान्यातून काढता येतो, ओट्यावरच्या गप्पांतून काढता येत नाही.

नदीचं हे कुटुंब मोठं आहे. तीर्थ हा शब्दही त्याच तॄ धातूचा, आणि तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, जिथून पाण्यात उतरून पलीकडे जाता येतं ती जागा. जो पार नेतो तो गुरू, म्हणून गुरूलाही तीर्थ म्हणत. एकाच गुरूकडे शिकणारे ते सतीर्थ्य. या एका शब्दासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र दिलं आहे. आजही जुन्या वळणाच्या मराठी लेखात ‘माझे सतीर्थ्य’ असं वाचायला मिळतं आणि ‘क्लासमेट’पेक्षा ते कितीतरी जवळचं वाटतं, कारण दोघांनी एकाच उताराने नदी ओलांडलेली असते. पारंगत म्हणजे पलीकडच्या तीराला पोचलेला. निष्णात शब्दात तर स्ना धातूच आहे: खोल बुडी मारून आंघोळ केलेला. निष्णात डॉक्टर, निष्णात वकील म्हणताना आपण त्याच्या अंगावरचं पाणी विसरलेलो असतो.

आणि मग स्नातक. हिंदीत ग्रॅज्युएटला सरसकट स्नातक म्हणतात. मराठीत हा शब्द समारंभापुरता उरला, दीक्षान्ताच्या पत्रिकेत ‘स्नातकांनी वेळेवर उपस्थित राहावे’ एवढाच. पण शिक्षण संपणं म्हणजे नेमकं काय, याचं इतकं बारकाईने केलेलं वर्णन दुसऱ्या कुठल्या शब्दामागे मला माहीत नाही.

पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या जुन्या संस्कृत ग्रंथात शिक्षण संपल्यावरच्या स्नानाचा विधी सविस्तर दिला आहे. अग्नीच्या उत्तरेला पाण्याने भरलेले आठ घडे मांडतात. त्यांतलं पाणी घेऊन ब्रह्मचारी स्नान करतो. कमरेची मेखला डोक्यावरून वर काढतो, दंड खाली ठेवतो, दुसरं वस्त्र नेसतो. दही किंवा तीळ खातो. केस आणि नखं काढतो, उंबराच्या काटकीने दात घासतो. मग फुलं, पागोटं, कानातले दागिने, डोळ्यांत काजळ. मग आरसा. मग छत्री, वहाणा आणि वेळूची काठी. यादी नीट पाहिली तर लक्षात येतं की ही बहुतेक त्याच गोष्टींची आहे ज्या ब्रह्मचर्यात वर्षानुवर्षं वर्ज्य होत्या: आरशात पाहायचं नाही, काजळ घालायचं नाही, वहाणा नाहीत, छत्री नाही. शिक्षण संपलं हे कागदाने सांगितलं जात नव्हतं. पोरगा पायांत वहाणा घालून, डोक्यावर छत्री धरून रस्त्याने चालत येताना दिसला की गावाला कळायचं.

या विधीचं नाव समावर्तन, म्हणजे परत फिरणे, घरी येणे. मराठीने त्याला आपला शब्द दिला, सोडमुंज. मुंज हे गवताचं नाव. त्याची मेखला बांधली की मुंज झाली, ती सोडली की सोडमुंज. आता ती बहुधा लग्नाच्या आदल्या दिवशी उरकतात आणि तिच्यातला काशीयात्रेचा भाग तेवढा लोकांच्या लक्षात राहतो: बटू काशीला निघतो आणि मामा ‘माझी मुलगी देतो’ म्हणून त्याला मागे फिरवतो. शिक्षणाचा निरोप लग्नाच्या गडबडीत विरघळून गेला. हेही सांगितलंच पाहिजे की ही आंघोळ फार थोड्यांच्या वाट्याची होती. मुलींना आणि बहुसंख्य जातींना त्या आठ घड्यांच्या जवळही येऊ दिलं जात नव्हतं. शब्द सुंदर आहे म्हणून त्याचं दार किती अरुंद होतं हे झाकता येत नाही.

त्याच सूत्रात, या विधीच्या थोडं आधी, एक वाक्य आहे, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. स्नातक तीन प्रकारचे, असं ते सांगतं. वेद पूर्ण झाला पण व्रताचा काळ पूर्ण झाला नाही, तो विद्यास्नातक. व्रताचा काळ भरला पण वेद पूर्ण झाला नाही, तो व्रतस्नातक. दोन्ही झालं, तो विद्याव्रतस्नातक. म्हणजे शिकणं आणि शिकण्याच्या जागी ठरलेला काळ राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच उमगलेलं होतं.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर हा भेद रोज बोलला जातो. एटीकेटी हा शब्द घ्या. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ याची ती आद्याक्षरं, पण आता मराठीत त्याचं नामच झालं: एटीकेटी लागली, दोन केट्या राहिल्यात, केटी सुटली. मूळ अर्थ इतकाच की विषय राहिला असला तरी पुढची टर्म भरायला परवानगी आहे. टर्म भरणं ही एक अट, विषय सुटणं ही दुसरी. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की नाव डिफॉल्टरच्या यादीत लागतं, टर्म ग्रँट होत नाही, आणि मग अभ्यास कितीही पक्का असला तरी परीक्षेला बसता येत नाही. उलट एखाद्याच्या सगळ्या टर्म भरलेल्या असतात आणि तिसऱ्या सेमिस्टरचा एक पेपर तेवढा अडकलेला असतो. हा आजचा व्रतस्नातक. पारस्कराने त्यालाही स्नातक म्हटलं. विद्यापीठ म्हणत नाही. शेवटच्या वर्षाचा निकाल लागूनही ‘राखीव’ राहतो आणि कारण बहुतेकदा हेच असतं: मागच्या सेमिस्टरची एखादी केटी सुटलेली नसते, किंवा सुटलेली असते पण तिचे गुण मूळ निकालात चढलेले नसतात. दुसऱ्या प्रकारात परत परीक्षा द्यायची नसते. केटी सुटलेल्या सत्राचं गुणपत्रक जोडून परीक्षा विभागाकडे अर्ज करायचा असतो. हे न कळल्यामुळे मुलं सहा-सहा महिने वाट पाहत बसतात.

बहिःस्थ म्हणून शिकणारा, दिवसा नोकरी करून रात्री वाचणारा, तो विद्यास्नातक. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं ते अशांसाठी. या पदव्यांवर नोकरीच्या वेळी शंका घेणारे अजून भेटतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची दूरस्थ अभ्यासक्रमाची मान्यता आपण प्रवेश घेतला त्या वर्षी चालू होती, एवढं दाखवता आलं तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. मान्यता वर्षावर तपासायची असते, नुसत्या विद्यापीठाच्या नावावर नाही. चूक होते ती इथे.

आता उलट्या दिशेचे शब्द. मॅट्रिक. ‘आजोबा जुने मॅट्रिक’ म्हणजे त्यांचं शालेय शिक्षण पूर्ण झालं होतं, असा आपला अर्थ. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नोंदवही. मॅट्रिक्युलेशन म्हणजे विद्यापीठाच्या वहीत नाव घालणे. ती प्रवेशाची परीक्षा होती. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, त्याची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली आणि पहिली बी.ए. १८६२ मध्ये, महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक होणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुढे विद्यापीठात जाणं परवडतच नव्हतं, म्हणून आत जाण्याची परीक्षा हीच बाहेर पडण्याची परीक्षा झाली. दाराच्या उंबऱ्यावरूनच लोक परत फिरत आणि तो उंबराच शिक्षणाचा शेवट ठरे. तरीही त्याचं मोल केवढं होतं! १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्कारासाठी मुंबईत सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. एका मुलाचं मॅट्रिक होणं हा समाजाचा दिवस होता. पुढे शालान्त परीक्षा आली, १९७५ मध्ये जुनी अकरावी जाऊन दहावी आली, पण ‘मॅट्रिक’ खेड्यापाड्यांत अजून टिकून आहे.

दाखला हाही तसाच. अरबीत मूळ अर्थ आत शिरणे. त्यातूनच आपलं ‘दाखल होणे’. म्हणजे ‘शाळा सोडल्याचा दाखला’ यात सोडणं आणि शिरणं शेजारी शेजारी बसलेत. बोलीत तो एल.सी. किंवा टी.सी. या कागदावर जनरल रजिस्टरचा नंबर असतो, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी असते, वर्तणूक असते, शाळा सोडण्याचं कारण असतं, शेरा असतो. मुलं निकाल बघतात, दाखला कुणी वाचत नाही. आणि आयुष्यभर अडवणाऱ्या चुका त्यातच असतात. आडनावातला एक रफार, आईच्या नावातली वेलांटी, जातीच्या रकान्यातला अर्धा शब्द. मुलगा शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली नोंद मुख्याध्यापकांना आपल्या अधिकारात बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. म्हणून दाखला हातात घेताना खिडकीपाशीच उभं राहून तो ओळीने वाचावा, आणि पुढच्या कॉलेजात मूळ प्रत जमा करण्याआधी दोन-चार सत्यप्रती काढून ठेवाव्यात. मूळ प्रत परत हातात येत नाही; नंतर मिळते ती ‘दुय्यम प्रत’ असा शिक्का मारलेली.

पदवी हा शब्द मात्र वाटेचा. संस्कृतात पदवी म्हणजे पायवाट, पावलांनी पडलेली वाट. त्यातून दर्जा, मान, किताब. इंग्रजी ‘ग्रॅज्युएट’मधला लॅटिन शब्द पायरीचा आणि ‘पास’मधला पावलाचा, म्हणजे इथेही सगळे पायीच निघालेत. मराठीने पदवीवरून एक सुरेख शब्द घडवला, पदविका: धाकटी पदवी, डिप्लोमा. पुढची ती पदव्युत्तर, पदवी अधिक उत्तर. हा शब्द ‘पदवीत्तर’, ‘पदव्युतर’ असा चुकीचा लिहिलेला अगदी संस्थांच्या फलकांवरही दिसतो. ‘व्यु’ आणि जोड ‘त्त’ एवढं सांभाळलं की झालं. पदवीधर शब्दाला मराठीत बाई-पुरुष असा भेद नाही, हे बरं आहे. १८८३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या चंद्रमुखी बसू आणि कादंबिनी गांगुली बी.ए. झाल्या, १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या, त्यांच्यासाठी वेगळं स्त्रीलिंगी रूप घडवावं लागलं नाही. त्याच बंगालीत मात्र पदवी म्हणजे आडनाव. कोलकात्यातल्या अर्जावर तो रकाना दिसला तर तिथे बी.कॉम. लिहू नये.

क्रियापद पाहा. मराठी माणूस पदवी ‘घेतो’ किंवा ‘मिळवतो’ ते भाषणात. घरात तो बी.ए. ‘होतो’. ‘थोरली एम.ए. आहे, धाकटा बी.कॉम. झालाय.’ जणू ते माणसाचंच विशेषण. आणि ‘झालाय’ व ‘केलंय’ यांतला फरक ऐकणाऱ्याला बरोबर कळतो: ‘टीवाय केलंय’ म्हणणाऱ्याचा एखादा विषय राहिलेला असतो. ‘ग्रॅज्युएशन’चंही आपण आपल्यापुरतं वेगळं केलंय. अमेरिकेत तो समारंभ, आपल्याकडे तो अख्खा तीन वर्षांचा काळ: ‘ग्रॅज्युएशन चालू आहे.’ तिकडच्या विद्यापीठाच्या अर्जात ‘ग्रॅज्युएट स्टुडंट’ म्हणजे एम.एस., पीएच.डी. करणारा, आपला बी.एस्सी.चा विद्यार्थी तिथे ‘अंडरग्रॅज्युएट’. चुकीच्या रकान्यात खूण झाली की अर्ज भलत्याच विभागात जातो.

मग माणूस पदवीधर नेमका कधी होतो? शेवटचा पेपर दिला तेव्हा नाही. निकाल लागला तेव्हा, असं व्यवहार सांगतो. दीक्षान्तात प्रमाणपत्र मिळालं तेव्हा, असं समारंभ सांगतो. या दोन तारखांत अनेक महिन्यांचं अंतर असतं. विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत पदवी द्यावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. मधल्या काळासाठी गुणपत्रक आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र. नोकरीच्या जाहिरातीत ‘अर्जाच्या अंतिम दिनांकास पदवीधर’ असं असतं तेव्हा शेवटच्या सत्राच्या निकालाची तारीख त्या दिनांकाच्या आतली हवी. मूळ पदवी प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही, बहुतेक ठिकाणी वेगळा अर्ज आणि शुल्क भरावं लागतं, आणि नावाची दुरुस्ती करायची तर याच टप्प्यावर, छपाईच्या आधी. मिळालेलं प्रमाणपत्र लॅमिनेट करू नये. परदेशी जायची वेळ आली तर अपॉस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याच्या सरकारी साक्षीचा, स्टिकर आणि शिक्के त्याच कागदाच्या पाठीवर बसतात, आणि प्लॅस्टिकवर ते घेतले जात नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणाने हा प्रश्न आणखी बारीक केलाय. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर १२० ते १३२ श्रेयांकांवर पदवी, चौथ्यानंतर १६० ते १७६ श्रेयांकांवर ऑनर्स. एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तासांचं वर्गातलं शिकवणं. नदीत मधेमधे बेटं ठेवल्यासारखं हे आहे. अर्ध्यावर थांबावं लागणाऱ्याच्या हातात काहीतरी राहतं, म्हणून मला ते मनापासून पटतं.

देशातल्या पहिल्या दोन पदवीधरांनाही पलीकडे पोचायला हात द्यावा लागला होता. १८५८ साली कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. परीक्षेत बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि यदुनाथ बसू सहापैकी पाच विषयांत उत्तीर्ण होते. सहाव्यात त्यांना कमी पडलेले गुण सातपेक्षा जास्त नव्हते. विद्यापीठाने ते माफ केले आणि दोघांना पदवी दिली.

पदवीधर शब्दाला आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे, मतदाराचा. राज्यघटनेच्या कलम १७१ नुसार विधान परिषदेच्या एक-द्वादशांश जागा पदवीधरांनी निवडायच्या. महाराष्ट्रात ७८ पैकी सात. आणि इथे कायद्याने वरचा प्रश्न स्वच्छ सोडवलाय. मतदार होण्यासाठी पदवीधर होऊन किमान तीन वर्षं झालेली हवीत, आणि ती दीक्षान्तापासून मोजायची नाहीत, विद्यापीठाने निकाल जाहीर केला त्या तारखेपासून मोजायची, १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापर्यंत. नोंदणीचा अर्ज नमुना १८. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे आपोआप येत नाही, आणि मागच्या निवडणुकीत मत दिलं होतं म्हणूनही नाही. ही यादी प्रत्येक निवडणुकीआधी कोऱ्या कागदापासून नव्याने करतात. सुशिक्षितांची नावं सर्वांत जास्त याच कारणाने गळतात. उमेदवार मात्र पदवीधर असायलाच हवा असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तसा निकाल दिलेला आहे.

मतदान यंत्रावर नसतं, कागदावर असतं. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच पसंतीक्रम लिहायचा. खिशातलं पेन वापरलं तर मत बाद. पहिली पसंती लिहिली नाही तर बाद, दोन नावांपुढे पहिली पसंती लिहिली तर बाद, सही किंवा नाव केलं तर बाद. बरोबरची खूण चालत नाही. एक जागा असेल तर निवडून यायला वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त मत लागतं, हा कोटा. तो कुणालाच गाठता आला नाही तर शेवटच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात, म्हणून दुसरा-तिसरा क्रम लिहायचा कंटाळा करू नये. आकडा १ असा लिहिलेला चालतो, रोमन चालतो, आपल्या कुठल्याही मान्य भाषेतला चालतो. अक्षरात ‘एक’ असं लिहिलं तर ते मत बाद होतं.